मुंढ्याचा बॉक्स

आक्का, तुम्ही गेल्यापासून भेटायला येणाऱ्या बायका माझ्याजवळ दोन मिनिटं टेकतात आणि मग आईंच्या खोलीत जातात. त्यांचं बरोबरच आहे. लेक गेली ती आईंची, बहीण गेली ती दत्ताची. मी कोण, तर भावजय. भावजयीनं नणंदेसाठी किती रडावं, याचा लोकांच्या मनात एक अंदाज असतो आणि माझं रडणं त्या अंदाजात बसत नाहीये. समोरच्या काकू परवा म्हणाल्या, "एवढं काय गं मनाला लावून घेतेस? नणंद होती ती." मी पदरानं नाक पुसलं. आम्ही दोघी मिळून गाड्यांतल्या वूफर स्पीकरचे बॉक्स बनवायचो, हे त्यांना काय सांगणार? त्यांना वूफर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी तुम्हालाच.

लग्न होऊन मी श्रीरामपूरहून संगमनेरला आले तेव्हा टेम्पोत भांड्यांच्या शेजारी माझं शिलाई मशीन होतं. बाकीच्या बायका माझं तोंड बघायला पुढे आल्या आणि तुम्ही सरळ मशीनकडे गेलात. चाक फिरवून बघितलंत. "पायाचं हाय व्हय? मोटार बसवून दिऊ?" नव्या नवरीशी नणंद पहिलं वाक्य हे बोलली. आणि पूजा झाल्यावर खरंच पाने-पक्कड घेऊन आलात आणि मोटार बसवलीत. मी पाय ठेवला तर मशीन असं सुटलं की ब्लाउजची बाही शिवता शिवता मी काखेच्या पलीकडे पोचले. तुम्ही जमिनीवर बसून हसत होतात. त्या घरात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते तेव्हा.

नाशिक-पुणे रस्त्याला तुमचं दुकान. दाजी सीट कव्हर शिवायचे, तुम्ही गाड्यांचं वायरिंग करायचात. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात सगळी पोरं आणि तुम्ही एकट्या, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की त्या वर्गातले बाक मला पाठ झालेत. दाजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता दुकान बंद. तुम्ही मात्र एका सकाळी जुन्या कव्हरचे उसवलेले तुकडे माझ्यापुढे टाकलेत. "शिवशील?"

"ब्लाउज शिवते मी, आक्का."

"मग काय? शीट म्हंजे बसलेली बाईच की."

तशी मी दुकानात आले. सुरुवातीला फक्त कव्हरं. वूफरच्या कामात मी पडले ती रेश्मामुळे. आणि त्या दिवसांत आपण दोघी जे भांडलो, ते मला आज सगळ्यात जास्त आठवतं.

रेश्मा गाडीतून उतरली नव्हती. तिचे वडील काउंटरपाशी आले आणि म्हणाले, पोरीला वूफर बसवायचाय पण बसणार न्हाई, सगळीकडं विचारून झालं. तुम्ही त्यांच्याशी बोलायच्या ऐवजी बाहेर जाऊन गाडीच्या खिडकीशी उभ्या राहिलात. पतसंस्थेत नोकरी करणारी पोरगी, केस कापलेले, डोळ्यांत काजळ. अपघातानंतर कमरेखाली जोर राहिला नव्हता. चाकांची खुर्ची घडी करून डिकीत ठेवली की डिकी संपायची. मागच्या सीटवर तिची आई बसायची. बाकीच्या दुकानदारांनी सांगितलं होतं, एक तर खुर्ची ठेवा नाहीतर वूफर.

"केवढा पाह्यजे?" तुम्ही विचारलंत.

"मोठा. मावशी, मी ढोल पथकात होते. आता कमरेला ढोल बांधता येत नाही. मग पाठीत तरी बसू दे ना ठोका."

तिचे वडील रस्त्याकडे बघत होते. तुम्ही डिकी उघडून आत वाकलात, बाहेर आलात आणि म्हणालात, "दोनी बसतील. गाडी उद्या सकाळी आना."

ते गेल्यावर मी विचारलं, "कसं बसवणार?"

"मला काय म्हाईत?"

"मग हो कशाला म्हणालात?"

"न्हाई म्हनून कुनाचं काय बसलंय का आजवर?"

वूफरला बॉक्स का लागतो, हे तुम्ही मला त्याच दिवशी समजावलंत. वूफरचा पडदा पुढे-मागे हलतो. पुढून निघतो तसाच मागूनही आवाज निघतो आणि मागचा पुढच्याला खातो. म्हणून मागचा कोंडायचा. पण कोंडायलाही जागा पुरेशी हवी. लहान बॉक्समध्ये वूफर गुदमरतो. रेश्माच्या डिकीत डाव्या बाजूला, चाकाच्या मागे, पत्रा आत गेल्यामुळे एक खोबण होती. तिथं लाकडाचा चौकोनी बॉक्स बसला नसता. त्या खोबणीच्या आकाराचाच बॉक्स बनवायचा, असं तुमच्या डोक्यात आलं.

खोबणीला आतून चिकटपट्टी लावली, तिच्यावर फॉइल. मग फायबरची मॅट ठेवायची आणि ब्रशनं रेझिनचा चिकट रस पाजायचा. आपण दोघी एका डिकीत डोकं घालून बसलो होतो, सारख्या एकमेकींच्या कपाळावर आपटत होतो. दुसऱ्या दिवशी ते वाळून निघालं. एखाद्या मोठ्ठ्या कवठाची करवंटी असावी तसं.

त्यात किती जागा आहे हे मोजायला तुम्ही घरी आलात आणि दूध मोजायच्या लिटरच्या मापानं आमच्या कणगीतली बाजरी त्यात ओतायला लागलात. आत प्लास्टिक अंथरलं होतं, पण आईंना ते कुठं दिसतंय? "मंगल! भाकरी खायची हाय ती, डांबर न्हाई!" तुम्ही मोजत होतात म्हणून उत्तर देता येईना. नुसता हात वर करून त्यांना थांबवलंत. आणि बाजरी कमी मावली. कंपनीच्या कागदावर वूफरला जेवढी जागा सांगितली होती, तिच्यापेक्षा बरीच कमी. बॉक्स पुढून फुगवला असता तर खुर्ची बसली नसती.

तुम्ही तशाच बसून राहिलात, माप मांडीवर. तुम्हाला काही सुचत नाहीये असं मी पहिल्यांदाच बघत होते.

मी फक्त जे मला येतं ते केलं. रेश्माकडून खुर्ची मागून घेतली, घडी केली, वर्तमानपत्रं चिकटवून त्यांच्यावर आडवी ठेवली आणि खडूनं भोवती रेघ ओढली. ब्लाउजचा कागद कापतो तसा कागद कापला. तो डिकीत उभा धरला तर दिसलं की खुर्चीची जागा चौकोनी नाहीच. चाक गोल आहे. गोलाच्या वर, खाली, कोपऱ्यात जागा मोकळीच पडलीय.

"आक्का, याला मुंढा कापू."

"काय कापू?"

भर रस्त्यावरच्या दुकानात मी हात वर केला आणि ब्लाउजच्या काखेची गोलाई दाखवली. जिथं बाही बसते तो मुंढा. चाक तिथं बसेल आणि मुंढ्याच्या वर-खाली बॉक्स हवा तेवढा भरदार ठेवता येईल. तुम्ही माझ्या काखेकडे बघून खो खो हसलात. मग हसता हसता थांबलात आणि माझ्या हातातून कागद ओढून घेतलात.

इथपर्यंत आपलं छान चाललं होतं.

बॉक्सच्या पुढच्या बाजूला जाड, ताणलं जाणारं कापड लावायचं, त्याला रेझिन पाजलं की ते कडक होतं. मी म्हटलं, कापड दोन तुकड्यांत कापून मुंढ्याच्या रेघेवर शिवण घालते. तुम्ही म्हणालात, शिवणीतून हवा जाईल. हवा गेली की बॉक्स शिट्टी मारतो. एकच तुकडा ताणायचा. मी म्हटलं, ताणलेलं कापड आत वळत नाही, ते खड्ड्यावरून सरळ जाणार. तुम्ही म्हणालात, हातानं दाबते.

"हातानं दाबून कधी मुंढा बसलाय का, आक्का?"

"बॉक्स मी बनवते का तू?"

मी सुई-दोरा पिशवीत टाकला. तुम्ही एकटीनं कापड ताणलंत, ढोलाच्या कातड्यासारखं टण्ण. मग मधे दाबून धरलंत आणि घाईनं रेझिन ओतलंत. ऊन कडक होतं आणि रेझिन घट्ट करणारं औषध तुमच्या हातून जास्त पडलं होतं. रेझिनच्या मगातून धूर यायला लागला. प्लास्टिकचा मग मऊ पडून वाकला. तो तसाच उचलून आपण दोघी बाहेर पळालो आणि मातीत ठेवला. परत येईपर्यंत कापडाला सुरकुत्या पडून ते तसंच कडक झालं होतं, आणि तुमचा हात काढल्यामुळे मधला भाग पुन्हा वर आला होता. खुर्ची बसायचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही छिन्नीनं ते सगळं तोडून काढलंत. मी जमीन झाडली. खरं सांगू, "मी म्हटलं होतं" हे शब्द माझ्या जिभेवर दिवसभर येत होते. ते मी गिळले, कारण तुमच्या बोटांना फोड आले होते आणि तुम्ही ते लपवत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तुम्ही दारात होतात, काखेत कापडाची गुंडाळी. मशीनशेजारी खाली बसलात.

"शिव. तू म्हन्ती तसं."

"आणि हवा?"

"हवंचं मी बघते. तू शिवनीचं बघ."

आक्का, माणसं आपली चूक कबूल करताना केवढा पसारा मांडतात. तुम्ही एवढंच बोललात आणि माझ्यासाठी दोरा ओवायला घेतलात. त्या दोन वाक्यांवर आपण पुढची सगळी वर्षं काम केलं. तुमचं तुम्ही बघायचात, माझं मी.

मी उरेब, तिरकं कापलेलं कापड घेतलं, शिवण आतल्या बाजूला ठेवली. तुम्ही वाकवलेली प्लायची पट्टी मुंढ्याच्या रेघेवर बसवलीत आणि शिवणीची कड तिच्यावर पिनांनी ठोकलीत. रेझिन या वेळी थोडं थोडं, सावलीत. वाळल्यावर आतून हात घालून शिवणीच्या रेघेवर तुम्ही फायबरची पट्टी चढवलीत. केस जाईल एवढी फट राहिली नव्हती. पुट्टी, पॉलिश पेपर, वरून काळं कार्पेट. गाडीत बसवला आणि खुर्ची आत सरकवली. चाक मुंढ्यात गेलं आणि तिथंच राहिलं, जरासुद्धा हललं नाही. तुम्ही डिकी लावलीत, उघडलीत, परत लावलीत. मला दाखवायला नव्हे. तुम्हाला स्वतःलाच परत परत बघायचं होतं.

रेश्मानं तिच्या पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये आणलं होतं. तुम्ही आवाज वाढवलात. काउंटरवरची कात्री सरकत सरकत कडेला गेली. रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर थांबला. तिचे वडील हसत होते, तुम्ही हसत होतात, मीही.

रेश्मा मान हलवत होती. "मावशी, ठोका लांबतोय."

"म्हंजे?"

"एक संपायच्या आत दुसरा येतोय. आमचा ढोल असा घुमत नाही. तो तुटतो."

"समद्या गाड्यांत असंच वाजतं, बाळा."

"वाजत असेल. पण हे मी वाजवलंय ना."

त्या बॉक्सला तुम्ही नळी ठेवली होतीत. तुम्ही सगळ्याच बॉक्सना ठेवायचात. नळीतून मापात हवा बाहेर येते आणि आवाज मोठा होतो. मला वाटलं, आता तुम्ही तिला चार शब्द सुनावणार. तुम्ही माझ्या शिलाईतल्या चिंध्यांचा बोळा केलात, डिकीत वाकून तो नळीत कोंबलात आणि म्हणालात, "लाव परत."

आवाज थोडा कमी झाला. पण प्रत्येक ठोका वेगळा आला, कोरडा, एकामागून एक. रेश्मानं डोळे मिटले नाहीत की काही नाही. तिचे दोन्ही हात डॅशबोर्डवर गेले आणि ती वाजवायला लागली. मनगटं कशी पडत होती, आठवतंय? त्या हातांना पायांचं काही सांगितलेलंच नव्हतं जणू. तिचे वडील ड्रायव्हरच्या सीटवरून उतरले, गाडीला वळसा घालून तिच्या खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "हां. ह्योच."

मग त्यांनी तुम्हाला विचारलं, हे असं वळणाचं कुणी बनवलं. तुम्ही म्हणालात, "आमी दोघींनी. ही कारागीर, मी वायरमन."

तोवर माझी कुणी ओळख करून दिली की मी दत्ताची बायको असायचे, नाहीतर मंगलची भावजय. कारागीर हा शब्द मी माझ्यासाठी मनातसुद्धा वापरला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन मी मशीनवर बसले आणि बराच वेळ काही शिवलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. मानले असते तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

बंद बॉक्स की नळीचा, हे भांडण मात्र मिटलं नाही. "ढोलाला बंद चालतो. गान्याला नळीच पाह्यजे. गिऱ्हाईकाला दनका लागतो." मी म्हणायचे, आधी ऐकून बघू, मग नळी ठेवू. तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा एका जीपवाल्याच्या बॉक्सवरून आपण त्याच्यासमोरच भांडलो, आणि तो बिचारा म्हणाला, तुमचं ठरलं की फोन करा. आता मी एकटी असते तेव्हा मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडते. तुमचीच जिंकते. तुमचा आवाज मोठा आहे.

दुसरं भांडण तुमच्या डाव्या हाताचं. तो दुखतो म्हणायचात आणि दोष ड्रिल मशीनवर ढकलायचात. दत्ता मागे लागला होता, नाशिकला हार्टच्या डॉक्टरला दाखवून येऊ. "दिवाळीचं काम उरकू दे." मी चिडले, तुम्ही विषय बदललात. आता त्यावर काय बोलू? तुमचं आयुष्य तुम्ही कुणाला हाकू दिलं नाहीत. ते मला आवडायचं. मग याच एका बाबतीत तुम्ही वेगळं वागायला हवं होतं, असं कसं म्हणू? तरी म्हणते. जायला हवं होतं, आक्का.

रेश्मा येऊन गेली. आता ती ब्रेकसुद्धा हातानं लावायच्या गाडीवर शिकतेय. आईंपाशी बसली आणि म्हणाली, "आजी, मला भेटणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, हे कसं झालं? मावशींनी आजपर्यंत विचारलं नाही. त्यांनी विचारलं, केवढा पाहिजे." आईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी तिचा हात धरून ठेवला, सोडलाच नाही.

दुकानाचं बोलणं तेराव्याला निघालं. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, रस्त्यावरची जागा आहे, भाड्यानं द्या. दत्तानं मला स्वयंपाकघरात गाठलं. त्याचे डोळे सुजले होते. "तुला जमंल का एकटीला? वायरिंग?"

मी खरं ते सांगितलं. "अर्धं येतं. अर्धं शिकेन."

तो बाहेर गेला आणि काही बोलायच्या आत आई बोलल्या. तुम्ही गेल्यापासून त्या माणसांत बोलल्या नव्हत्या. "दुकान माझ्या लेकीचं हाय. सून उघडंल." पाहुण्यांनी ताटाकडे बघितलं. विषय संपला.

काल मी शटर उघडलं. दत्ता डेअरीच्या टँकरवर जाता जाता आईंना सोडून गेला, घरात एकट्या नकोत म्हणून. एवढ्या वर्षांत त्या दुकानात आल्या नव्हत्या, हे तुम्हाला सांगायला नको. बाईमाणसानं रस्त्यावर गाड्यांखाली वाकावं हे त्यांना पटलं नव्हतं, आणि तुम्हीही कधी या म्हणून आग्रह केला नाहीत. दोघी सारख्याच. मी बाहेर सावलीत खुर्ची टाकली. एक-दोन गिऱ्हाइकं आली, तुम्हाला विचारत. मला आत ऐकू येत होतं. "लेक गेली माझी," आई सांगत होत्या. "सून हाय आत. जा."

दुपारी गर्दी नव्हती. मी जीपवाल्याच्या बॉक्सला वायर जोडत होते, तुम्ही अर्धवट ठेवलेला तोच. आई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. भिंतीवरचे हॉर्न, दिवे, वायरींची भेंडोळी बघत होत्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "माझी मंगल हितं काय करायची गं? मला दाव."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. मी वूफर जोडला, त्यांचा हात बॉक्सच्या वरच्या बाजूला ठेवला आणि आवाज अगदी बारीक ठेवून गाणं सुरू केलं. त्यांचा हात दचकला. काढून घेतील असं वाटलं. त्यांनी दुसराही हात ठेवला, दोन्ही तळवे पसरून, तान्ह्या बाळाच्या पाठीवर ठेवतात तसे. मी थोडा आवाज वाढवला. बांगड्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं, पुरे का म्हणून.

"अजून," आई म्हणाल्या.